नौतपा यायच्या आत

रंगपंचमीचा गुलाबी ओघळ मोरीतून गेला नव्हता
तेव्हाच मी चुन्याची दोन पोती आणवली.
दानाओलीतला दुकानदार हसला :
काकू, दिवाळी लांब आहे.
म्हटलं, नौतपा जवळ आहे.

आमचं छत पटियांचं.
ग्वाल्हेरच्याच खाणीतला दगड, गर्डरवर आडवा टाकलेला.
दगड विसराळू नसतो.
दुपारभर जे ऐकलं
ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत सांगत बसतो,
खाली जो निजला असेल त्याला.

गेल्या वर्षी खाली सखवार मास्तर निजायचे.

गच्चीवरची एक खोली, खिडकी पश्चिमेला,
भाडं बावीसशे, वीज वेगळी.
एक तारखेला सकाळी उंबऱ्याबाहेर चप्पल काढून उभे,
नोटा मोजलेल्या, वर एक सुटा रुपया, शकुनाचा.
जूनच्या एक तारखेला आले नाहीत.
मी मनात म्हटलं,
उद्या देतील.

दाखल्यावर लिहिलं : हृदयक्रिया बंद पडून.
खोटं नाही. शेवटी सगळ्यांची तीच बंद पडते.
पटियांचं नाव लिहायला
त्या कागदावर रकाना नव्हता.
माझंही.

त्यांचा पुतण्या मुरैन्याहून ट्रंक न्यायला आला, ती नेली.
मग मी त्या खिळ्याला,
जिथे त्यांचा सदरा असायचा,
मुलाच्या शाळेतला तापमापक अडकवला.
रात्री अकरा. एकेचाळीस.
त्याच वेळी खाली कूलरसमोर
मी रोज पायांवर चादर ओढून घ्यायची.

चुना पहाटे लावायचा, पाच ते सात.
चाळून घ्यायचा, फेविकॉल घालायचा,
नाहीतर पहिल्या आंधीत अर्धा शेजारच्या लोणच्यात.
एक हात आडवा, एक उभा.
गुडघे बोलतात. बोलू देत.
पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या,
आतून पडदा लावला तर ऊन आत येऊन बसतं,
पाहुण्यासारखं, उठत नाही.
गल्लीतला ट्रान्सफॉर्मर दरवर्षी नेमका तेव्हाच जळतो,
म्हणून कूलरच्या भरवशावर काहीच ठेवलेलं नाही :
तीन माठ, वाळूत रुतवलेले;
वेणूताईंच्या इन्सुलिनसाठी मडक्यात मडकं,
मधे ओली रेती;
आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर, दुधाच्या हिशेबाखाली,
पेन्सिलीने :
लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा मीठ.
माणूस बरळू लागला, घाम थांबला,
तर पन्हं पाजत बसू नये.
सावली, ओली चादर, पंखा, १०८.
हे शेवटचं दोनदा गिरवलंय.

वर आता रामश्री आहे, भिंडची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
पहिल्याच दिवशी सांगितलं,
मेच्या पंधरापासून तू खाली निजायचं, हॉलमध्ये.
तिने पुस्तकात बोट ठेवून विचारलं,
"किराया वही रहेगा, आंटी?"
मला उत्तर द्यायला वेळ लागला.
कमी होईल, म्हटलं.

काल सुतळी सोडली वरून खाली,
टोकाला देवघरातली चिरलेली घंटा.
दिवसा ती वर अभ्यासाला बसेल, मी खाली,
चक्कर आली, मळमळलं, काहीही,
ओढायची.
वाजवून बघ, मी ओरडले.
वाजली, भांड्यासारखी, पण वाजली.
आणि मी निघाले, पदर खोचून, घड्याळ बघत.
बावीस पायऱ्या.
चौदावीवर कठडा धरून थांबले, श्वास घेतला,
परत चढले.
दीड मिनिट.

एवढंच अंतर होतं.

दारात रामश्री, हातात दोरी,
"ठीक है ना?"
मी हो म्हटलं, आणि तिला बाजूला केलं.
चुना ओला होता, कोपऱ्यात
एक पटिया उघडी राहिली होती, हातभर.
ब्रश तिथेच होता.