सद्यस्थिती

मल्लेश म्हणाला, मावशी, आधी सगळी चित्रं मोजून घेऊ.
टेप त्याच्या बापाचा, सुताराचा, इंचातला;
वेबसाइटला सेंटिमीटर पाहिजेत.
मग आम्ही गुणाकार करत बसलो
खानापुरात, लोखंडी जिन्यावरच्या खोलीत,
जिथं लोंढ्याची गाडी गेली की
फडताळातल्या बाटल्या आपसात बोलतात.

ऊन नको म्हणतो. सावलीपण नको.
गच्चीवर ढगाची वाट बघायची,
आला की दोघींनी चित्र धरायचं, त्यानं फोटो.
दुसरी कोण? खालच्या गिरणीतली रेणव्वा
पांढरेफटक हात झटकत वर आली,
आणि पहिल्या नऊ चित्रांच्या कडेला
पिठाचा अंगठा आहे.

लाल काही केल्या जमत नाही.
मी मातीनं रंगवते, मलप्रभेच्या काठच्या,
फडक्यातून सात वेळा गाळलेल्या.
फोनमध्ये तिचा टोमॅटो होतो.
मल्लेश बोटानं पट्टी सरकवतो: वीट.
अजून जरा: सुपारी.
मी म्हणते, पुरे. तो म्हणतो, स्वल्प तडी.
शेवटी मी स्क्रीनशेजारी माझं नख धरते,
तीस वर्षं धुऊन न निघालेलं:
ह्याच्यासारखं कर.

तक्ता: नाव, माध्यम, माप, वर्ष, गाव, सद्यस्थिती.
चित्रांना नावं मी कधी दिली नाहीत;
नावं ठेवायचं काम गावानं केलं.
गावाच्या रकान्यात नुसतं खानापूर.
जिल्हा लिहिला की कसा लिहिला म्हणून
कुणीतरी उठतंच.

क्रमांक चार: हुबळी, दातांचा दवाखाना,
गाल धरून बसलेल्यांच्या समोर.
क्रमांक अकरा: वाळवी.
क्रमांक बारा: विकलं. परत आलं. सुनेला आवडलं नाही.
सतराशी मल्लेश थांबला.

सतरा म्हणजे बत्तीस कौलं.
फॅक्टरीत मी कच्ची कौलं मोजायच्या कामावर होते.
एका शनिवारी ओळीनं मांडली, ओली,
आणि त्यांच्या पोटावर दाभणानं कोरली भरमव्वा:
माती तुडवणारी, पाठमोरी, वळून बघताना.
सोमवारी गेले तर ओळ भट्टीत.
गुरुवारी ट्रकमध्ये.
मुकादम म्हणाला, कौल गळत नाही ना? मग झालं की.

तेव्हापासून ती कुठल्यातरी छपरात आहे, पोट खाली.
एकाच छपरात आहे का, तेही ठाऊक नाही.
पदर नंदगडला असेल, कान गुंजीला,
टाच कुणाच्या चुलीवर, धुरानं काळी.

फोटो नाही तर काढून टाकू, मल्लेश म्हणाला,
रिकामी चौकट दिसली की लोकांना वाटतं
साइट बंद पडली.
मी म्हटलं, वाटू दे.

मग चौकटीखाली लिहिलं, मराठीत, जमलं तसं:
रात्री झोप न येऊन उताणं पडल्यावर
एखादं कौल ओरखडल्यासारखं दिसलं
तर सकाळी शिडी लावा.
बाई अख्खी नाही. तुमच्याकडे तिचं जे असेल
त्याचा फोटो पाठवा.
कौल काढू नका, घर गळेल.

मल्लेशनं वाचलं. काही बोलला नाही.
चहा निवला. गिरणी थांबली.
मग त्याच मजकुराखाली, न विचारता,
ओठ हलवत, तो कन्नडमध्ये टाइप करू लागला,
आणि मध्येच मान वर करून म्हणाला,
मावशी, तिचा कान कुठला दिसतो? डावा की उजवा?

मला आठवेना.
मी उठले, त्याच्याकडे पाठ केली,
पाय मातीत असल्यासारखे रोवले
आणि वळून बघितलं.

उजवा, तो म्हणाला. आणि लिहिलं.