रात्री भाव बदलत नाहीत

न्खाता बेच्या उतारावर, होड्या ओढून ठेवतात त्या वाळूपासून
चाळीस पावलांवर तावोंगामावशीची टपरी.
पत्र्यावर एक सोलर पॅनेल, खाली मोटारीची जुनी बॅटरी,
आणि फळीवर ओळीनं निजलेले गावाचे फोन.
फोनमागे दोनशे क्वाचा.
वहीत नाव, वेळ आणि खूण:
तडा गेलेला, लाल रबरवाला,
सुईणबाईंचा (हा आधी लावायचा).

मार्चपासून वही लवकर भरू लागली.
तीन दिवसांनी येणारा फोन दुसऱ्याच सकाळी दारात.
"येसाया, कालच तर नेलास!"
"काय माहीत. नुसता खिशात होता."
मावशीनं वायरी बदलल्या, बॅटरीत पाणी घातलं,
मग एका रात्री कंदील विझवून
फळीवरून तळहात फिरवला,
तापलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
पडदे काळे.
अंगं कोमट.
मला म्झुझूला फोन करून म्हणाली,
"तू कॉम्प्युटर शिकलास ना, मग सांग,
ही झोपेचं सोंग घेऊन जागतात कशाला?"

मी सांगितलं नाही.
मासळीचे भाव दाखवणारं ते अ‍ॅप माझं होतं.
त्यात एक ओळ होती, घाईत लिहिलेली,
चहा निवायच्या आत:
दर सेकंदाला ऊठ, विचार, भाव बदलला का?
नाही.
बदलला का?
नाही.
रात्री दोनला, उसिपा मासळी अजून सरोवरात पोहत असताना,
आज जाळ्यात शिरायचंय की नाही हे तिचं तिलाच ठाऊक नसताना,
बदलला का?
एका रात्रीत, एका फोनला, छत्तीस हजार वेळा.
माझ्या टेबलावर हे कधी दिसलंच नाही.
माझा लॅपटॉप भिंतीला जोडलेला,
वीज गेली की मी जेवायला जायचो.
भिंतीतून येणाऱ्या विजेला वही नसते.

तपासायला बसलो. फोनच्या झोपेचा आलेख काढला.
सपाट हवी ती रेघ, करवतीच्या दातांसारखी.
ओळ खोडली.
भाव बदलला की सर्व्हरच हाक मारेल, तोवर नीज,
असं काहीसं तिच्या जागी लिहिलं.
आठ दिवस लागले, त्यातले सहा लाजेचे.

जूनमध्ये गेलो. टपरीतल्या निम्म्या वायरी
गुंडाळून खुंटीला.
मावशी बाहेर बसून वाळत घातलेली उसिपा उलटीपालटी करत होती.
"बरे झाले सगळे," म्हणाली. "अंग गार. चार चार दिवस येत नाहीत."
वही दाखवली. मार्च, एप्रिल, मे गच्च.
त्या पैशातून छपराची एक बाजू नव्या पत्र्याची झाली होती.
दुसरी जुनीच राहिली.

तेव्हा सांगितलं. सगळं.
ती ओळसुद्धा म्हणून दाखवली.
ती हसली नाही, रागावली नाही,
ओठ हलवत बोटांवर हिशेब केला.
"म्हणजे हा अर्धा पत्रा तुझा."
थोड्या वेळानं,
"तुझा कसला. येसायाचा."

मग माझा फोन मागून घेतला,
मासळीचे हात लुंगीला पुसून
तो पालथा तळहातावर ठेवला, बराच वेळ.
"हाही कोमट आहे," म्हणाली.
"ह्यात काय काय लिहिलंयस?"