दोन हजार सालची सायकल

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातला कुणी गोरा डॉक्टर
मायदेशी जाताना ती सोडून गेला
आदाप्पा मगदुमांच्या दुकानात.
लाल. दांडीच नाही.
चेन दिसत नाही, मडगार्ड कुठं संपतं कळत नाही,
समोर दोन दिवे, बेडकाच्या डोळ्यांसारखे,
सगळं अंग एकाच थेंबातून ओघळल्यासारखं.
डॉक्टर म्हणाला होता म्हणे,
दोन हजार साली सगळ्या अशाच असतील.

तेव्हा साल होतं त्रेसष्ट.
बाकीच्यांना तासाला दोन आणे, हिला चार.
पण नेणार कोण?
पोरं विचारायची, कॅरिअर कुठाय?
हळदीचं पोतं बांधायचं कशाला?
दूधवाल्या सातगोंडानं एकदा नेली,
किटल्या टांगायला जागा सापडेना,
बोलवाडच्या रस्त्यानं हातात धरून परत आणली.
भाडं मात्र पूर्ण दिलं.

मग एका वळवात
वरचा पत्रा पडून तिच्या पोटाला चीर गेली.
वेल्डिंग चालेना, ते लोखंडच नव्हतं.
आदाप्पांनी ती खांद्यावर घेतली
आणि सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत
मौलासाहेबांपुढं ठेवली.

मौलासाहेबांनी आधी टिचकी मारली.
कान लावला.
पुन्हा मारली, जरा खाली.
म्हणाले, "भोपळा आहे हा. बिया काढलेला."
सरस, लाकडाचा भुसा, मलमलीची पट्टी,
वर चपड्याचे सात हात.
आणि चिरेच्या टोकाला, कुणी सांगितलं नसताना,
तुंब्यावर काढतात तसं
एक पान.

दोन हजार साल आलं.
त्या रात्री दवाखान्यातून सुटून येताना
दुकानात दिवा दिसला म्हणून डोकावलो.
आदाप्पा स्टुलावर, तोंड रस्त्याकडे.
बारा वाजून गेलेले.
"कुणी आलं न्हाई रे तसलीवरनं," म्हणाले,
आणि फळ्या लावायला उठले.

आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.
सायकल आढ्याला टांगलेली.
परवा पुण्याहून एकजण आला,
शिडीवर चढून फोटो, टेपनं मापं,
आकडा सांगितला तो ऐकून
शेजारचा चहावाला खाली बसला.
पानावर बोट ठेवून तो म्हणाला,
एवढं खरवडून टाकलं की झालं,
मूळचं नाही ते.

आदाप्पांची नात त्रिशला
गिऱ्हाइकाला काच चिकटवत होती.
तिनं हातातलं काम पुरं केलं,
शिडीच्या दोन पायऱ्या चढली,
आणि चिरेच्या जरा खाली
एक टिचकी मारली.

दुकानातल्या सगळ्यांनी
माना वर केल्या.