आधी खरवड

मुंजाजीच्या ऑम्लेटच्या गाडीखाली
माझ्या नावाचा एक पत्र्याचा डबा आहे.
रात्री गाडी धुताना तो त्यात टरफलं टाकतो
आणि उरल्यासुरल्या गिऱ्हाइकाला सांगतो,
"युनिव्हर्सिटीतल्या ताई ह्याची हाडं करायल्यात."

हाडं नाही, मुंजाजी.
हाडाशेजारी बसणाऱ्या धातूवरची
एक साय फक्त.
केसाच्या जाडीच्या निम्मी.

टरफलं उकळायची, आतला पापुद्रा सोलायचा,
नऊशे अंशांच्या भट्टीत रात्रभर.
शेजारचा विभाग खिडक्या लावून घेतो.
मग आम्ल, थेंब थेंब, आणि ढवळत राहायचं
हात आपला नाही असं वाटेपर्यंत.
शेवटी कोळंबीच्या सालींची पूड, कोचीहून कुरिअरने आलेली.
समुद्र इथून चार घाटांपलीकडे,
तरी पुडी फोडली की टेबलाला
किंचित खारा वास.

चकत्या वाळूजच्या शेडमधून.
लेथवरचा ज्ञानोबा रॉडची शेपटं राखून ठेवतो,
पैसे विचारले की कानातली काडी फिरवत राहतो.
मी त्या घासल्या. चारशे नंबरचा कागद, आठशे, दोन हजार.
टायटॅनियमात माझी टिकली दिसेपर्यंत.

वीस व्होल्ट. पाच मिनिटं.
पांढरं धुकं चकतीकडे सरकतं, बसतं.
वाळलं की भेगा:
भिंगाखाली थेट बदनापूरकडचं
एप्रिलातलं काळं रान.
वर चिकटपट्टी दाबून ओढली
तर साय सगळी पट्टीवर
आणि चकती कोरी, लखलखीत,
जसं काही झालंच नाही.
असं एकोणीस वेळा.

मौलाचाचा घाटीत आहेत असं कळलं.
शहागंजातले कल्हईवाले. आमची पातेली त्यांच्याकडेच जायची.
लूनावरून पडले, खुबा गेला.
मी केळी घेऊन गेले तर पहिला प्रश्न:
"माझ्यात काय बसवलंय गं?"
टायटॅनियम, चाचा.
"कल्हई केलेली का बिनकल्हईचं?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली.
मी नाही हसले.
म्हटलं, कंपनीनं काहीतरी केलंच असेल.
मी करते ती अजून बशीतच आहे,
सशापर्यंतसुद्धा पोचली नाही.
"का?"
सुटते. ओढली की निघते.

पर्समधून चकती काढून दिली.
त्यांनी ती उजेडात धरली नाही.
नख फिरवलं. मग अंगठा. मग परत नख.
"एवढी गुळगुळीत कुणी सांगितली करायला?
आम्ही वाळू टाकून भांड्यात उभं राहायचो, पायानं घासत,
कमरेतून असं, असं..."
आणि दाखवायला गेले,
आणि चेहरा आवळला,
आणि बराच वेळ छताकडे बघत राहिले.

मग हळू: "आधी खरवड.
भांड्याला लागलं पाहिजे, बाई. तेव्हा ते धरतं.
नवसागर, कथिल, ते सगळं नंतरचं."

कॉस्टिक सोडा. साठ अंश. एक दिवस, एक रात्र.
चकती बाहेर आली ती राखेसारखी,
टिकली दिसेना.
वीस नंबर: पट्टी ओढली. निम्मी राहिली.
निम्मी म्हणजे पेपर नाही, गिरवलकर मॅडम म्हणाल्या,
पण चष्मा काढून पुन्हा भिंगाला डोळा लावला.

वहीत रकाने आहेत: तापमान, वेळ, व्होल्टेज, संदर्भ.
संदर्भात मी अजून काही लिहिलेलं नाही.
खोडरबरानं जागा तेवढी साफ केली आहे.

एकवीस नंबरची चकती आत्ता कोमट पाण्यात आहे,
सदतीस अंश, रक्ताइतकं खारट, पण रक्त नाही.
चौदा दिवस ठेवायची.
धरलंच तर वर बारीक फुलवऱ्यासारखं काही उगवतं,
न सांगता, आपणहून.
आज सहावा.
दुपारी दोनदा लाइट गेली, मी डबी
ओढणीत गुंडाळून पोटाशी धरून बसले,
शिपाईमामा दारातून विचारत होते, "काय आहे त्यात?"

चाचांना वॉकर दिलाय म्हणे.
मुंजाजीचा डबा आणायचा राहिलाय.