फुगवटा

बदली झालेल्या सुभेदाराकडून देवळालीत
साडेनऊ हजारांना घेतली होडी,
हवेची, शेवाळी रंगाची,
घडी घालून गोणीत कोंबलेली,
गोणीला अजून टाल्कम पावडरीचा वास.

सिडकोतल्या आमच्या हॉलमध्ये पायपंपाने फुगवली
तर सोफा सरकला, टीपॉय गॅलरीत गेला,
आणि अलका तिच्यातच मांडी घालून बसली
मेथी निवडत.
"बरीय की," म्हणाली, "गादीपेक्षा."
बाहेर काढताना कळलं :
दार अडीच फुटांचं, होडी साडेचार.
खालचे गांगुर्डे जिन्यात उभे राहून पोटभर हसले,
मग त्यांनीच गच्चीची किल्ली दिली.

वर, पाण्याच्या टाक्यांच्या मधे,
ब्रशने साबणाचं पाणी फासलं.
डाव्या नळीच्या शिवणीवर एक बुडबुडा,
इतका सावकाश मोठा होणारा
की मी बघतच बसलो, चहा निवला.
घासपेपर, सोल्यूशन, बोटभर पॅच,
वर रात्रभर वरवंटा.

अंबडच्या टूलरूममध्ये सत्तावीस वर्षं
दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर काम केलं, मायक्रॉनमध्ये.
आता ड्रॉइंग माझं,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर,
आणि टॉलरन्स म्हणजे इकडेतिकडे एक बोट.
तळाला बारा एमएमचं प्लाय, कडा गोल घासून,
वर जुन्या योगा मॅटचा तुकडा.
गळाच्या काठ्यांना दीड इंची पीव्हीसी,
हीटगनने तोंड पसरवलेलं.
ऑइलपेंटच्या डब्यात सिमेंट, सिमेंटात यू-बोल्ट :
झाला नांगर.
मोटरही लावणार होतो.
बॅटरी उचलून बघितली
आणि वल्हीच बरी म्हटलं.

दादा खुर्चीवर बसून बघत होते
तीन दिवस. एक अक्षर नाही.
त्यांची होडी म्हणजे ट्रकची ट्यूब,
वर सुतळीने आवळलेली फळी,
दोन्ही तळहातांत स्लिपर घालून वल्हवायचं,
जाळं मांडीवर, पाय दारणेत.
हिवाळ्यात पोटऱ्या निळ्या पडायच्या,
आई तव्यावर वीट तापवून शेकायची.
मी दहावीला होतो. मला त्या पायांची लाज वाटायची,
सुरकुतलेले, पांढरेफटक,
शाळेच्या फाटकाशी चिखल सोडणारे.

चौथ्या दिवशी म्हणाले,
"समदं झ्याक केलंस.
पाय कुठं बुडवायचे पण?"

कॅलेंडर उलटं करून पाहिलं.
सीट होती, डबा होता,
बाटलीला सुद्धा जागा होती.

मग मागच्या बाजूला आडवी फळी काढली,
दोन ब्रॅकेटं, खाली टायरचे तुकडे,
शिवणीला काचू नयेत म्हणून.
बाथरूममध्ये पडले तेव्हा आणलेली स्टीलची मूठ,
जी त्यांनी भिंतीला लावू दिली नव्हती,
ती फळीला ठोकली. तेव्हा काही बोलले नाहीत.
वजन घ्यायला मीच बसलो गच्चीवर त्या फळीवर
आणि होडीचं नाक वर, टाकीच्या पाइपाला जाऊन भिडलं.
नांगर पुढे नेला, डबा पुढे नेला.
गांगुर्ड्यांना पुढे बसवलं.
टेकलं नाक.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी, घोटीच्या अलीकडे,
धरणाच्या फुगवट्यावर, अजून धुकं होतं.
दादांना लाइफ जॅकेट घातलं,
त्यांनी शिव्या दिल्या, पट्टा मीच आवळला.
पायजमा गुडघ्यावर गुंडाळून
मूठ धरून ते फळीवर पाठमोरे बसले
आणि दोन्ही पाय सोडले खाली.

"गार आहे?"
उत्तर नाही.
बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
गळाकडेही न बघता,
"डावीकडं," म्हणाले, "हळू."

मी वल्हं मारलं.
पाण्यावर काहीच दिसत नव्हतं.