मापांची वही

सप्टेंबरात, शेवटचं गवत कोठीत गेलं की
हूकस्ट्राबाईंचा फोन येतो ग्रोनिंगेनहून:
फेब्रुवारीचा तिसरा आठवडा, बेकरीवरच्या त्याच खोल्या,
आणि बूट...
मी वही उघडते.

अठ्ठावीस, बत्तीस, एकोणचाळीस, चव्वेचाळीस.
पुढच्या पानावर तीस, पस्तीस,
बाकी तेच.
मोठ्यांचे पाय हट्टी, जागचे हलत नाहीत.

त्यांचा देश सपाट, तिरोलचं हे खोरं उभं.
पहिल्या वर्षी योरिट उतारावर बसूनच राहिला,
दोन्ही मुठींत बर्फ.
बाप खालून ओरडला, "गुडघे वाकव!"
आणि स्वतःच घसरत कुंपणात गेला.

यंदाही चव्वेचाळीस सांगितला होता.
मी त्याचा तोच जोड, घोट्याशी रुंद केलेला,
शेगडीजवळ उबेला ठेवला.

पाय घातला योरिटने.
"बरोब्बर बसतो," म्हणाला, फुटलेल्या आवाजात.

बाप मागे, हातात धाकटीची घसरगाडी.
गुडघ्यावर थाप मारून हसला:
"हा आता वरच्या हॉटेलात सूप पिण्यापुरता."

मी बक्कल आवळलं.
घोट्याशी जागा उरली, बोटभर.
पोरगं काही बोललं नाही, मीही नाही.

वहीत लिहिलं: चव्वेचाळीस.
आणि शेजारी, बारीक अक्षरात,
जाड मोजे.