अर्धा बोट उतार

अण्णा दिवसभर भुसावळच्या ड्रॉइंग ऑफिसात
इंजिनांचे सांधे काढायचे.
एका रविवारी, उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर,
त्यांनी एक खुर्ची काढली.
मोर नाही, कमळ नाही, सिंहाचा पंजा नाही.
चार पाय, बाहेर फाकलेले, खाली निमुळते,
पाठ जराशी मागे रेललेली,
बसायला वेत.

सुपडू मिस्त्रीने कागद आडवा धरला, उभा धरला.
"साहेब, याच्यात नक्षी कुठंय?"
अण्णा म्हणाले, "काढून टाकली, तीच नक्षी."
मिस्त्री काही बोलला नाही.
आठ दिवस ओसरीत रंधा चालला,
रुसलेल्या माणसाचा असतो तसा,
आणि आम्ही पोरं सागवानाच्या भुग्याच्या कुरड्या
कानांत अडकवून हिंडलो.
नवव्या दिवशी खुर्ची दारात उभी राहिली.
आई म्हणाली, "बाई गं,
आत्ता जन्मलेलं करडू उभं राहावं, तशी.
हिच्यावर बसायचं कोणी?"

हे चौसष्ट सालचं.

नंतर घरात काय काय आलं.
आरशाचं लोखंडी कपाट आलं.
बोटं चावणाऱ्या फोल्डिंगच्या खुर्च्या आल्या.
माझ्या लग्नात रेक्झिनचा सोफा,
मे महिन्यात असा चिकटायचा
की उठताना पाहुणे सोलून निघत.
मग पोराने फोमचा आणला, एल आकाराचा,
जिन्यात वळेना म्हणून गॅलरीचा कठडा काढला आम्ही.
सहा वर्षांत त्याच्या पोटात खड्डा पडला,
आणि भंगारवाला म्हणाला,
ठेवा ताई, असू द्या.

खुर्ची खिडकीशीच राहिली.
शेहेचाळीस अंशांच्या दुपारी, लाइट गेलेली असताना,
कळण्याची भाकरी खाऊन सुस्तावलेलं अंग
तिच्यात टाकलं
की वेताच्या भोकांमधून वारा
खालून येतो, दार न वाजवता.

वेत मात्र दहा-बारा वर्षांनी खचतो.
मग निरोप धाडायचा यावलला, जुम्मा तडवीला.
लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून त्याला दिसत नाही.
स्टेशनातल्या निम्म्या ऑफिसांची बैठक
त्याच्या बोटांनी विणलेली.
यंदा आला, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून.
भोकांवरून अंगठा फिरवला,
"पुढं चोवीस, मागं एकवीस. तीच आहेस ना गं?"
हे मला नाही, तिला.
मग एकदम थांबला.
"ताई, ज्यानं ही बनवली
तो हिच्यावर बसलाय. उठलाय. पुन्हा रंधा मारलाय.
इथं बघा, मांडीखाली,
पुढच्या पट्टीला अर्धा बोट उतार आहे."

साठ वर्षं बसले मी तिच्यावर.
दोन पोरांना घेऊन बसले, त्यांच्या वह्या तपासत बसले,
अण्णा गेले त्या रात्री तिच्यातच बसून होते.
मला उतार माहीत नव्हता.

ट्रंकेतून ट्रेसिंग पेपर काढला.
पिवळा, घडीवर तुटत आलेला.
अण्णांच्या हातची बारीक अक्षरं, इंचात मापं,
पायांचा कोन, पाठीचा कोन.
पुढच्या पट्टीची रेघ
सरळ.
पट्टीने ओढलेली, रुळासारखी सरळ.

मी कितीतरी वेळ तशीच उभी.
सुपडू मिस्त्री, तुम्ही आठ दिवस रुसला नव्हता तर.
साहेबांच्या कागदाला धक्का न लावता
तुम्ही नक्षी केलीत,
डोळ्यांना सापडणार नाही अशा जागी.
अण्णांना कळलं होतं का?
कळलं असेल, बसल्याबरोबर.
बोलले नसतील. दोघेही तसलेच.

जुम्माने वेत बादलीत भिजत टाकला.
"आज निम्मंच होईल, उरलेलं उद्या,"
आणि चहात बिस्कीट बुडवून
नातवाला पुढचं भोक मोजायला लावलं.

रात्री लाइट गेली.
नुसती चौकट खिडकीशी, मधे अंधार.
मी तिच्या पट्टीवर बोट ठेवलं
आणि ते आपोआप
थोडंसं खाली घसरलं.